खालचे ३० टक्के : एका प्रपोजलची जोखीम ठरवताना

संशोधनाच्या प्रपोजलच्या नवव्या पानावर जोखमीचा रकाना होता आणि त्यात एकच वाक्य होतं : ‘किमान जोखीम. सहभागींना रोजच्या आयुष्यात येतो त्यापेक्षा जास्त ताण येणार नाही.’ हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रपोजलांत असतं. कोणाच्या तरी जुन्या प्रबंधातून ते उचललं गेलं आणि तेव्हापासून एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्यात फिरतंय. या खेपेला मात्र ते अक्षरशः खरं होतं आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसांवरचं संशोधन सुरू होण्याआधी ते तपासून मंजुरी देणारी आमची जी एथिक्स कमिटी, तिची सदस्य-सचिवही मीच. म्हणजे आलेलं प्रपोजल आधी माझ्या टेबलावर पडतं आणि ते कोणत्या वाटेने न्यायचं हे मला सुचवावं लागतं. प्रकरण काही वर्षांपूर्वीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काय करायचं होतं

संशोधक पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आमच्याच विभागात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तास घ्यायची. कोपरखैरण्यात वाढलेली, अकरावी-बारावीला तिथल्याच एका क्लासला गेलेली. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पत्र्याच्या पार्टिशनने पाडलेल्या तीन खोल्या, असा तो क्लास. रविवारी टेस्ट आणि सोमवारी संध्याकाळी जिन्यातल्या बोर्डावर यादी : नाव, मार्क, रँक आणि रँकप्रमाणे बॅच. क्लासवाल्या सरांचं म्हणणं, रँक लावली की मुलं पेटून उठतात. तिला बघायचं होतं, खरंच पेटतात की विझतात? आपण मागे पडलोय असं कळलं की मूल पुढच्या कामात जास्त जोर लावतं, की सोडून देतं?

प्रश्न चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण एथिक्स कमिटी म्हणजे चांगली कामं अडवून धरणारी मंडळी असा समज आहे आणि कधी कधी तो खराही ठरतो.

आराखडा असा. अकरावीची १२० मुलं, वय सोळा-सतरा. सुरुवातीला पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली : गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण गुण जास्तीत जास्त २७. मग संख्यामालिकांची वीस प्रश्नांची चाचणी, बारा मिनिटं. ती संपली की प्रत्येकाच्या हातात एक छापील चिठ्ठी. निम्म्यांच्या चिठ्ठीवर ‘तुमचा क्रम : वरचे ३० टक्के’, उरलेल्यांच्या चिठ्ठीवर ‘तुमचा क्रम : खालचे ३० टक्के’. मुलाने काय सोडवलं याचा चिठ्ठीशी काडीचाही संबंध नाही, कोणाला कोणती द्यायची हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. त्यानंतर सहा शब्दकोडी, त्यातली चार सुटूच शकत नाहीत अशी. मूल किती वेळ झटतं ते घड्याळ लावून मोजायचं. शेवटी पाच मिनिटांत सगळ्यांना सांगायचं की चिठ्ठी खोटी होती. याला आम्ही डीब्रीफिंग म्हणतो.

जागा क्लासचीच. संमतीसाठी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालकांना मेसेज टाकायचा आणि दोन दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर होकार धरायचा. रिव्ह्यू मागितला होता एक्स्पिडायटेड, म्हणजे पूर्ण कमिटी न बसवता एक-दोन सदस्यांनी बघून मोकळं करायचं असा.

दोन वेगळे प्रश्न

आमची कमिटी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं पाळते. त्यांत जोखमीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, किमानपेक्षाही कमी : निनावी किंवा आधीच जाहीर असलेल्या माहितीवरचं काम. दुसरी किमान जोखीम. तिसरी किमानपेक्षा थोडी वाढीव, तिलाच ‘कमी जोखीम’ असंही म्हणतात. चौथी त्याहून जास्त. मुलांवरचं संशोधन, मानसिक त्रास, सामाजिक नुकसान, ओळख पटेल अशी माहिती वापरणं, हे सगळं तिसऱ्या पायरीवर येऊ शकतं.

रिव्ह्यूचे प्रकार तीन : सूट, एक्स्पिडायटेड आणि पूर्ण कमिटी. इथे बहुतेकांची गल्लत होते. जोखीम किमान लिहिली की एक्स्पिडायटेड आपोआप मिळतो अशी समजूत असते. पण सहभागी असुरक्षित गटातले असतील तर जोखीम किमान असली तरी प्रपोजल पूर्ण कमिटीपुढे जातं. सहभागींना फसवून केलेला अभ्यासही पूर्ण कमिटीपुढेच जातो. हिच्याकडे मुलंही होती आणि खोटी चिठ्ठीही. त्यामुळे वाट ठरायला मला दोन मिनिटं लागली. पायरी कोणती हे ठरायला मात्र पावणेतीन तास गेले आणि दोनदा चहा झाला.

रोजचंच तर आहे

बैठकीत संशोधकाने मुद्दा सरळ मांडला. “मॅडम, या मुलांची दर सोमवारी बोर्डावर नावं लागतात. सगळ्या जिन्यासमोर. माझी चिठ्ठी तर घडी करून हातात देणार आहे, दुसऱ्या कोणाला दिसणारही नाही. आणि तासाभरात सांगणार आहे की ती खोटी होती. क्लास असं कधी सांगतो?”

मला उत्तर सुचेना. किमान जोखमीची व्याख्याच अशी आहे की रोजच्या आयुष्यात होतो त्यापेक्षा जास्त त्रास होऊ नये. या मुलांचं रोजचं आयुष्य तिने मोजून दाखवलं होतं आणि तिचा प्रयोग त्या मापात बसत होता. नव्हे, खालीच राहत होता.

आमच्या कमिटीत सामान्य नागरिक म्हणून एक काका आहेत. तुर्भ्याच्या मार्केटात चाळीस वर्षं मेहताजी होते, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. अशा सदस्याला बहुतेक कमिट्या संमतीपत्राची भाषा सोपी आहे ना एवढंच विचारतात आणि चहा देतात. काकांनी चष्मा काढून ठेवला. “आमच्याकडं माथाडी रोज पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या वाहतो. दिवसाला किती, तो मोजतसुद्धा नाही. आता तुमच्यातलं कोणी येऊन त्याच्या पाठीवर संशोधनाची म्हणून अजून एक गोणी ठेवली, तर चालेल का? रोजचंच तर आहे त्याला.”

हा वाद संशोधन-नीतीच्या अभ्यासकांत जुना आहे : ‘रोजचं आयुष्य’ म्हणजे नक्की कोणाचं? सहभागी माणसाचं स्वतःचं मानलं तर ज्याला आधीच जास्त सोसावं लागतं त्याच्यावर जास्त प्रयोग करायची मुभा मिळते. झोपडपट्टीतल्या मुलाला बंगल्यातल्या मुलापेक्षा जास्त त्रास देता येतो, आणि दोन्ही फॉर्मवर ‘किमान’च लिहिता येतं. आयसीएमआरच्या व्याख्येत म्हणूनच सरासरी निरोगी माणसाचं किंवा सर्वसाधारण लोकांचं आयुष्य धरलेलं आहे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले. ते तसं का आहे हे मला गोणीवरून कळलं.

संशोधकाचे गाईड आमच्या कमिटीचेच सदस्य. निर्णयाच्या वेळी ते नियमाप्रमाणे बाहेर जाणार होते, पण चर्चेत त्यांना बोलायची मुभा होती. त्यांनी मिलग्रॅम काढला. १९६१-६२ सालचे येलमधले विजेच्या खोट्या झटक्यांचे प्रयोग : वरून हुकूम आला म्हणून माणूस दुसऱ्याला किती झटके देत राहतो हे बघणारे, झटके खोटे आहेत हे त्याला न सांगता. नंतर विचारलं तेव्हा ८४ टक्के सहभागींनी भाग घेतल्याचा आनंदच आहे असं कळवलं होतं, पश्चात्ताप वाटणारे दीड टक्काही नव्हते. आकडे बरोबर आहेत, मिलग्रॅमने स्वतः दिलेले. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईने १९६४ साली त्याच्यावर टीका केली तेव्हा उत्तरात त्याने तेच पुढे केले होते. पण मिलग्रॅमकडे आलेले लोक प्रौढ होते, पेपरातली जाहिरात वाचून आपल्या पायाने आले होते. शिवाय त्या प्रयोगांची संग्रहातली कागदपत्रं पुढे तपासली गेली तेव्हा दिसलं की अनेकांना खरी गोष्ट त्या दिवशी पूर्ण सांगितलीच नव्हती, ती त्यांना नंतर पोस्टाने आलेल्या अहवालातून कळली. मी हे बोलले तेव्हा गाईड थोडे वैतागले. “मग मानसशास्त्रात प्रयोग करायचेच नाहीत का?” त्यांचा वैताग मला समजत होता. प्रपोजल अडकलं की गाईडचीही सही अडकते.

नववा प्रश्न

त्यानंतरचा पाऊण तास पीएचक्यू-९ वर गेला, खरं तर त्यातल्या एकाच प्रश्नावर. नववा प्रश्न विचारतो की आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करावी असं वाटतं का. एक प्राध्यापक सदस्य म्हणाले, हे मुलांना विचारूच नका, नसलेला विचार डोक्यात जाईल. ही भीती कमिट्यांत इतकी पसरलेली आहे की तिच्यापायी चांगले अभ्यास परत जातात. मॅडलीन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत २३४२ विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, काहींना नाही. ज्यांना विचारले त्यांचा त्रास वाढला नाही, त्यांच्यात तसे विचारही जास्त आढळले नाहीत. प्रश्नाची भीती बाळगायचं कारण नाही.

माझी भीती वेगळीच होती. प्रश्नावली निनावी होती. नाव नाही, नंबर नाही, सगळे कागद एका खोक्यात. गोपनीयतेसाठी म्हणून. समजा एखाद्या मुलीने नवव्या प्रश्नापुढे ३ वर खूण केली, म्हणजे ‘जवळजवळ रोज’. तिचा कागद खोक्यात पडला. संशोधकाने तो दहा दिवसांनी घरी बसून एक्सेलमध्ये चढवला. आता तिला माहीत आहे की त्या १२० जणांत कोणीतरी रोज मरणाचा विचार करतंय, आणि ते कोण हे शोधायचा मार्ग तिने स्वतःच बंद करून ठेवलाय.

आमच्या समुपदेशक सदस्याने त्याच्याही पुढचं विचारलं. “हा फॉर्म तुम्ही आधी भरून घेणार, बरोबर? मग ज्या मुलाचे १८ गुण आलेत त्यालाही खालचे ३० टक्केवाली चिठ्ठी देणार?”

“गुण तर नंतर मोजणार ना, मॅडम. तेव्हा कळणारच नाही कोणाचे किती.”

ती हे बोलली आणि स्वतःच थांबली. मुलाने लिहून दिलेलं होतं की तो खचलेला आहे. कागद तिच्या टेबलावर असणार होता. त्याच टेबलावरून त्याला नापासाची चिठ्ठी मिळणार होती. जोखीम प्रश्नावलीत मुळीच नव्हती. उत्तर घ्यायचं आणि ते वाचायचं नाही, जोखीम यात होती.

वकील सदस्यांचा मुद्दा छोटा होता. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘आपण दिलेली सर्व माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल.’ मुलांच्या बाबतीत असं वचन देताच येत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या कोणावरही ती कळवायची जबाबदारी येते, त्याला संशोधक अपवाद नाही. गोपनीयता कुठपर्यंत हे आधीच, साध्या शब्दांत सांगावं लागतं. ते वाक्य तिथल्या तिथे बदललं.

परवानगीचं पत्र

क्लासच्या सरांचं परवानगीपत्र परिशिष्टात जोडलेलं होतं. फिकट झेरॉक्स, दोन पानं. पहिलं पान मी बैठकीआधीच वाचलं होतं : आपल्या संशोधनकार्यास आमचे सहकार्य राहील, शुभेच्छा, वगैरे. दुसऱ्या पानावर फक्त सही-शिक्का असेल असं धरून मी ते उलटलंच नव्हतं. बैठकीत कोणीतरी शिक्क्यावरची तारीख विचारली म्हणून उलटलं. शिक्क्याच्या वर दोन ओळी होत्या : ‘चाचणी पूर्ण झाल्यावर विद्यार्थीनिहाय निकाल क्लासला उपलब्ध करून द्यावेत, जेणेकरून बॅचची पुनर्रचना करणे सोयीचे होईल.’

कोण किती मिनिटांत हात टेकतं, हे सरांना हवं होतं.

संशोधकाने ते वाचलं होतं. तिला वाटलं ही औपचारिकता आहे, शेवटी सरासरी देऊन टाकू. प्रश्नावली निनावी असल्याने मुलानुसार निकाल देता येणारच नव्हता, हेही खरं. पण सरांनी परवानगी दिली ती हा निकाल मिळणार असं समजून. आणि मुलं बसणार होती ती सरांच्या खोलीत, सरांच्या सांगण्यावरून. नाही म्हणणाऱ्या मुलाला सर दारातून बघणार होते. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही सरच. अशा ग्रुपवर कोणता पालक हरकत घेईल? आणि ज्यांनी मेसेज उघडलाच नाही त्यांचाही होकारच धरला जाणार होता. या वयाच्या मुलांसाठी पालकाची लेखी संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा लेखी होकार वेगळा. गप्प राहणं यांपैकी कशातच बसत नाही.

पावणेतीन तासांत आम्ही पीएचक्यू-९ ला पाऊण तास दिला आणि या पत्रावर आलो ते अपघाताने. याची मला अजून लाज वाटते. प्रश्नावल्या आम्हाला ओळखीच्या असतात, त्यांच्यावर बोलता येतं. परवानगीपत्रं कोणी वाचत नाही.

“आम्ही मोजलंय”

बैठक संपत आली होती. डीब्रीफिंगला पाच मिनिटं पुरतील का, असं अध्यक्षांनी सहज विचारलं.

“पुरतात, सर. आम्ही मोजलंय.”

“मोजलंय म्हणजे?”

खोलीत पंखा तेवढा वाजत होता. तिने सांगितलं की वेळेचा अंदाज यावा म्हणून सहा मुलांवर पायलट केला होता. त्याच क्लासमध्ये, एका शनिवारी. तिघांना वरची चिठ्ठी, तिघांना खालची. पालकांना विचारलं नव्हतं, पायलटला लागत नाही असं वाटलं. ही गैरसमजूत तिची एकटीची नाही. पायलट म्हणजे संशोधन नव्हेच, ती रंगीत तालीम, असं कितीतरी गाईडही धरून चालतात. पण तालमीतही समोर माणूसच बसलेला असतो. मंजुरीआधी केलेला पायलट हा सरळ सरळ नियमभंग आहे आणि इतिवृत्तात मला तो तसाच लिहावा लागला.

अध्यक्ष बाहेरचे, निवृत्त डॉक्टर. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “मुलं काय म्हणाली?”

“पाच जण हसले, सर. एक काही बोलला नाही. चिठ्ठी खिशात घालून गेला.”

डीब्रीफिंगवर आमच्या क्षेत्राचा फार विश्वास आहे. खोटं सांगितलं, मग खरं सांगितलं, हिशेब बरोबर. ली रॉस, मार्क लेपर आणि मायकेल हबर्ड यांनी १९७५ साली हा हिशेब तपासून पाहिला होता. सहभागींना आत्महत्येआधी लिहिलेल्या खऱ्या आणि खोट्या चिठ्ठ्या वेगळ्या करायला दिल्या आणि कामगिरीबद्दल ठरवून खोटे निकाल सांगितले. नंतर स्पष्ट सांगितलं की निकाल आधीच ठरलेले होते, तुमच्या उत्तरांशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही ज्यांना ‘तुम्ही कमी पडलात’ असं सांगितलं होतं ते या कामात आपण कच्चेच आहोत असं मानत राहिले. निकाल ऐकल्याबरोबर माणूस त्याची कारणं स्वतःत शोधून ठेवतो. निकाल मागे घेतला तरी कारणं जागच्या जागी राहतात. अशी समजूत टिकून कशी राहते हेच सहभागींना उलगडून सांगितलं, तेव्हा तो परिणाम बराचसा ओसरला. पाच मिनिटांच्या घोषणेत ते होत नाही. त्या पाचांपैकी किती जण खरोखर हसले, हेही मग मला सांगता आलं नसतं.

गाईड बाहेर गेले. निर्णयाला फार वेळ लागला नाही. आहे त्या स्वरूपात प्रपोजल तिसऱ्या पायरीवर, किमानपेक्षा थोडी वाढीव जोखीम. चौथीवर का नाही, असं समुपदेशक सदस्याने नोंदवून घेतलं. क्लासच्या बॅचा त्या निकालावर बदलल्या असत्या तर तिचं म्हणणं मला पटलं असतं. प्रपोजल सुधारून पुन्हा आणायचं. पायलटचे कागद सीलबंद करून माझ्या कपाटात ठेवायचे, अभ्यासात वापरायचे नाहीत. आणि त्या सहा मुलांना, आधी त्यांच्या पालकांना, भेटायचं.

सुधारलेला आराखडा

यात फार रमण्यासारखं नाही. खोटी चिठ्ठी राहिली, पण अकरावीची मुलं गेली. त्यांच्या जागी अठरा पूर्ण झालेले पदवीचे विद्यार्थी, दुसऱ्या कॉलेजातले, कारण आमच्याकडे ती स्वतः शिकवत होती आणि सीएचबीवरच्या मॅडमनाही नाही म्हणणं पोरांना जड जातं. काही माहिती आधी सांगितली जाणार नाही किंवा ती चुकीची असू शकेल, शेवटी सगळं उलगडू, हे संमतीपत्रातच लिहिलं. पीएचक्यू-९ दोन दिवस आधी, नावाऐवजी कोड नंबर टाकून. यादी समुपदेशकाकडे, आणि गुण त्याच संध्याकाळी मोजायचे. १० किंवा जास्त आले तर त्या विद्यार्थ्याला चिठ्ठीच्या भागात घ्यायचं नाही. नवव्या प्रश्नापुढे शून्याखेरीज काहीही असलं तर त्याच दिवशी फोन. तो प्रश्न काढून आठांचीच प्रश्नावली वापरा, असं आम्ही आधी म्हणणार होतो. वाचणारं माणूस ठरल्यावर ठेवला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पत्रकावर छापला, पण नुसता हेल्पलाइन नंबर छापणं म्हणजे व्यवस्था नव्हे, एवढं बोलायची संधी मी सोडली नाही.

या बदलांनी जोखीम खाली आली हे खरं. अभ्यासाचं काहीतरी गेलं हेही खरं. “माझा प्रश्न त्या जिन्यातच राहिला, मॅडम,” ती म्हणाली, आणि ते मला खोडता आलं नाही. एकोणीस वर्षांच्या बीएच्या विद्यार्थ्याला त्या रँकचं काय! आम्ही दुसरी वाट सुचवली : अकरावीच्या मुलांना काहीच खोटं सांगायचं नाही. सोमवारची खरी यादी लागतेच, तिच्या आधी-नंतर आठवडाभर मुलांनी छोटी रोजनिशी लिहायची, क्लासबाहेर, पालकांच्या लेखी संमतीने आणि मुलांच्या होकाराने. त्रास आपण निर्माण करायचा नाही, जो आहे तो नीट बघायचा. नुसतं बघत राहणं तरी बरोबर का, यावर काकांनी भुवया उंचावल्या होत्या. तो भाग तिने पुढच्या वर्षावर टाकला. या सगळ्यात तिचे साडेतीन महिने गेले.

सहा जण

बसलेल्या मुलांची नावं क्लासकडून मिळाली. एक कुटुंब नवी मुंबई सोडून गेलं होतं, फोन लागेना, पत्र परत आलं. त्या मुलाला कोणती चिठ्ठी मिळाली होती ते सांगता येत नाही, पायलट निनावी होता. एका वडिलांनी फोनवरच विषय मिटवला. चार जण आले.

चिठ्ठी खिशात घालून गेलेला मुलगा शेवटी आला, शनिवारी दुपारी, आमच्या समुपदेशन खोलीत. घरी नको, शेजारी विचारतील, असं त्याच्या आईने आधीच सांगितलं होतं. वडील मार्केटातून पाळी संपवून थेट आलेले, अंगावर अजून मसाल्याच्या गाळ्याचा वास. मी झालेली चूक सांगितली, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “म्हणजे मॅडम, ह्याचं डोकं चालतंय का नाही?” मी म्हटलं, त्या चिठ्ठीवरून काहीच कळत नाही. त्यावर ते मुलाकडे बघत राहिले.

संशोधक रॉसच्या मार्गाने जायची तयारी करून आली होती. तिने उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, रबर बँड काढला. “हे बघ. तू क्लासमध्ये यायच्या दोन दिवस आधी मी सायबर कॅफेत छापून आणल्या. तेव्हा तू मला माहीतही नव्हतास.” मुलाने एक उचलली, मग दुसरी. मग सगळ्या टेबलावर पसरल्या आणि पत्ते लावावेत तशा एकेक उलटत गेला. खालचे ३० टक्के. खालचे ३० टक्के. त्याने खिशातून स्वतःची काढली, घड्या पडून मऊ झालेली, आणि त्यांच्या शेजारी ठेवून अक्षरांचा आकार ताडून पाहिला.

“मग माझे खरे किती होते?”

संशोधकाने माझ्याकडे पाहिलं. तिने ते पेपर कधी तपासलेच नव्हते. अभ्यासाला त्याची गरजच नव्हती.

मी कपाटातून पाकीट आणलं. सील तोडायचं की नाही यावर मी अर्धा मिनिट थांबले असेन. तोडलं आणि तोडल्याची नोंद त्याच पाकिटावर तारीख घालून केली. सहा कागद, नाव कोणावरच नाही. त्याच्या सातांना मधे आडवी रेघ असायची, त्यावरून त्याने आपला ओळखला. बाकीचे पाच मी पालथे घातले. तिने फोनवर उत्तरसूची काढली आणि पेन्सिलने एकेक बरोबर-चूक करत गेली. तो खुर्चीच्या काठावर येऊन तिच्या हाताकडे बघत होता, वडीलही वाकले होते. अकराव्याला ती थांबली, पुन्हा मोजलं, पुढे गेली.

“वीसपैकी तेरा.”

“आणि बाकीच्यांचे?”

“ते नाही सांगता येणार,” मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, कागद आपल्याकडे ओढला आणि चुकलेल्या सातांतला पहिला सोडवायला घेतला.